साडूभाऊंचा मरतुकडा लॅपटॉप

कोरगावच्या माझ्या साडूभाऊंइतका उलट्या खोपडीचा माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात शोधून सापडायचा नाही. निवृत्तीनंतर लोक काजूच्या बागेत रमतात. हे प्रोग्रॅमिंग शिकले! तेही म्हापशाला कुणीतरी टाकून दिल्यासारख्या विकलेल्या मरतुकड्या लॅपटॉपवर. सकाळी बटण दाबायचं, पोदेराकडून पाव घ्यायचे, चहा उकळायचा, प्यायचा, तेव्हा कुठे पडद्यावर उजेड पडायचा. लेकीने पुण्याहून नवाकोरा दणकट लॅपटॉप पाठवला, तर साडूभाऊंनी तो मिटून जुन्याच्या खाली पाटासारखा ठेवला. "मानेक बरा पडता," म्हणाले. मी कपाळावर हात मारला. या माणसाचं मला कधी काही कळलेलंच नाही.

प्रोग्रॅम कशाचा, तर देवळातल्या अखंड भजनाच्या पाळ्यांचा. कुठल्या घराने कधी उभं राहायचं, कुणाला सुतक, कुणाचा पेटीवाला मोपाच्या विमानतळावर ड्युटीला, हे सगळं चाळीस वर्षं साडूभाऊंना तोंडपाठ. कागदाचा कपटा म्हणून नाही. पण गेल्या वर्षी त्यांनी दोन घरांना एकच वेळ सांगितली आणि पुढच्या पाळीला कुणीच आलं नाही. भजन खंडणार म्हणताना साडूभाऊ एकटेच टाळ घेऊन उभे राहिले आणि तासभर बेसूर गात राहिले. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, हे विसरणं आता वाढतच जाईल.

असं असूनही नव्या लॅपटॉपला हात लावायचा नाही म्हणजे काय? यंदा भजनाला चार दिवस उरले, यादीचा पत्ता नाही, तेव्हा मी भडकलोच. "अहो, नव्यावर झटक्यात होईल! हा कसला हट्ट?"

"देवळातलो कॉम्प्युटर बघलंस मरे?" साडूभाऊ जुन्या लॅपटॉपवर टिचकी मारत म्हणाले. "ह्याच्यापरस म्हातारो. ह्याच्यार चालला तर थंय चालतला. माका आठवला नाय तरी चालतला."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

यादी आदल्या दिवशी देवळातल्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरूनच निघाली, देवळाच्या भिंतीवर लागली. भजन जोरात चाललं होतं. दुपारी साडूभाऊ माझ्याजवळ आले आणि गोंधळल्यासारखे म्हणाले, "आमची पाळी कधी रे?"

मी यादीवर बोट ठेवलं. चार वाजता. चाराला पाच मिनिटं कमी होती.

साडूभाऊंचा चेहरा एकदम खुलला. "बघ मरे! माका आठवला नाय, तरी चालला!" म्हणत टाळ उचलून ते आत गेले. मी तिथेच यादीपुढे उभा राहिलो, पण मला त्यातलं एक अक्षर दिसेना.