दिसेल असा टाका

रफूवाल्या नानांचं एक वाक्य ठरलेलं होतं: ‘काम दिसलं तर परत आणा.’ कुणी कधी आणलं नाही, आणि त्याचा त्यांना भलताच तोरा होता. फाटकं दिसलं की हात शिवशिवायचे. नातेवाइकांकडे गेले तरी आधी माणसांच्या बाह्या बघत, मग तोंडं.

शेजारच्या दुकानात घड्याळजी बसायचे. ज्यू माणूस, अबोल. दुपारचा चहा दोघांचा एकत्र. नाना बोलणार, ते ऐकणार. मैत्री अशीच वर्षानुवर्षं निभली होती.

घड्याळजींची आई गेली. नाना बायकोला घेऊन भेटायला गेले, तर घड्याळजी दाढी वाढवून बुटक्या स्टुलावर बसलेले, आरशावर चादर, आणि शर्ट डाव्या छातीवर फाटलेला.

“खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्यात आणि हे स्टुलावर,” परतताना बायको म्हणाली. “आणि तो शर्ट!”

“माणसाला शुद्ध कुठे आहे. आपणच बघायला हवं.”

विचारायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही.

आठवडा उलटला. धुतलेला शर्ट दुकानांमागच्या सामायिक दोरीवर आला, तसा नानांनी तो गुपचूप उतरवला. आतल्या शिवणीतले धागे काढून, सबंध दुपार मान मोडून रफू केलं आणि इस्त्री करून परत दोरीवर टाकला. सांत्वनाचे शब्द त्यांना कधी जमले नव्हते. हे जमत होतं.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी शर्ट हातावर घेऊन आले. नाना कौतुकाची वाट बघत चष्मा पुसू लागले.

“हे तुम्हीच केलंत.”

“दिसतंय का कुठे?”

“नाही. तेच तर.” घड्याळजी खाली बसले. “हा मी फाडला होता, नाना. आईला पुरण्याआधी, स्वतःच्या हातांनी. आमच्यात फाडतात. आणि आईबापासाठी फाडलेलं पुन्हा पहिल्यासारखं करायचं नसतं. काल छातीवर हात फिरवत होतो, सापडेना.”

नानांना कुठे तोंड लपवावं कळेना. “उसवतो,” ते म्हणाले आणि शर्ट उजेडात धरला. त्यांनाही सापडेना.

घड्याळजींनी खिशातलं आपलं भिंग काढून दिलं. ते डोळ्याला लावून नाना आपलं सगळ्यात सुरेख काम एकेक धागा ओढून उसवत बसले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. कामाचंही आणि माणसाचंही. फाटलेलं पुन्हा उघडं झालं तसं घड्याळजींनी त्यात बोट घालून पाहिलं.

“महिना झाला की कच्चा टाका चालतो,” ते म्हणाले. “पण दिसला पाहिजे. घालाल?”

महिन्याने नानांनी जाड सुई काढली. पांढऱ्या शर्टावर काळा दोरा, वेडेवाकडे टाके. हात सारखे सरळ जायला बघत होते, त्यांना आवरावं लागलं.

दुपारी घड्याळजी तोच शर्ट घालून चहाला आले. दुकानातलं एक गिऱ्हाईक त्यांच्या छातीकडे बघून हसलं. “हे कुणाचं काम?”

“माझं,” नाना म्हणाले.