आर्व्होनं प्रामाणिकपणे जमा केलेलं नाणं

आर्व्हो निस्काला आमच्या गावच्या शाळेत एकतीस वर्षं शिपाई होता. निवृत्त झाल्यावर त्यानं मेटल डिटेक्टर घेतला आणि जमिनीत पुरलेल्या वस्तू शोधणाऱ्या आमच्या क्लबात आला. सुपीरियर सरोवराच्या काठी काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारचं, पार्क आहे, तिथं परवाना काढून आम्ही दहाबारा जण हिंडायचो. बाटल्यांची झाकणं, चिल्लर, कधीतरी एखादी अंगठी.

आर्व्हो नियमांचा पक्का. गवत तीन बाजूंनी कापून झाकणासारखं उलटायचं, माती फडक्यावर काढायची, मग सगळं परत घालून पायानं दाबायचं. दुसरा फिरत असेल तिथं घुसायचं नाही. आम्ही यातलं निम्मंच पाळायचो.

जूनच्या सहलीत त्यानं गेरी व्हिवियनला सगळ्यांदेखत अडवलं. "गेरी, ते भोक आधी बुजव. एखाद्याचा पाय मुरगळेल."

"तू अजून शाळेतच आहेस वाटतं," गेरी म्हणाला. सहलीला आलेल्या बायका हसल्या. पण गुडघ्यावर बसून भोक बुजवताना गेरीचे कान लाल झाले होते.

पुढच्या आठवड्यात गेरीनं पर्यटकांच्या दुकानातून जुन्या फ्रेंच नाण्याची नक्कल आणली आणि व्हिनेगर-मिठात बुडवून काळपट केली. आर्व्हो रोज जिथून सुरुवात करायचा तिथं आम्ही दोघांनी ती पुरली. हो, मीही होतो. खोरं माझंच होतं.

"गुरुवारच्या बैठकीत नाचत घेऊन येतो की नाही बघ, वेन," गेरी मला म्हणाला. "मग सांगू, नकली आहे म्हणून."

आर्व्हो बैठकीला आलाच नाही. सार्वजनिक जागेत जुनी वस्तू सापडली तर ती काउंटीची, असं परवान्यावर छापलेलं असतं. तो नाणं घेऊन थेट पार्कच्या कचेरीत गेला होता, सोबत जागेचा नकाशा आणि खोलीचं माप. कचेरीनं विद्यापीठातला माणूस बोलावला. त्यानं नाणं हातात घेतलं आणि लगेच टेबलावर ठेवून दिलं.

"मिस्टर निस्काला, हे कुणीतरी मुद्दाम जुनं केलंय," कचेरीतल्या बाई म्हणाल्या. "तुमच्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाही. मी एकटाच."

"मग आम्ही काय समजायचं?"

नकली वस्तू पुरल्याचा ठपका ठेवून त्याचा परवाना कायमचा काढून घेतला. आमचेही सगळ्यांचे थांबवले.

क्लबात गेरी उभा राहिला. मला वाटलं, आता कबूल करेल.

"एकाच्या थापेपायी सगळ्यांचं नुकसान झालं," तो म्हणाला. "याला काढून टाका."

आर्व्हो हातातली टोपी पिळत होता. "कुणी गंमत केली असेल तर माझा राग नाही. फक्त कचेरीत येऊन एवढं सांगा, की हे आर्व्होनं केलं नाही."

गेरीनं मतं मागितली. त्याला काढायच्या बाजूनं हात वर झाले. माझाही झाला.

त्यानं ज्यांच्या वर्गांतल्या फरशा पुसल्या, ती आता बाप्ये झालेली पोरं दुकानात विचारायची, "काय आर्व्हो, आज कुठलं सोनं पुरलंस?" त्यानं कॉफीला येणं सोडलं. हिवाळ्याआधी घर विकून तो डुलुथला मुलीकडे निघाला. सामान चढवायला मी गेलो, सोफ्याचं एक टोक धरलं.

"वेन, क्लबातला तू एकटाच आलास रे," तो म्हणाला. "भला माणूस आहेस." मी सोफा उचलला.

दोन वर्षांनी बंदी उठली. गेरी आता अध्यक्ष आहे. अर्ज द्यायला आम्ही कचेरीत गेलो, तेव्हा बाईंनी विचारलं, "तो निस्काला अजून आहे का तुमच्यात?"

"छे, त्याला आम्ही तेव्हाच काढलं," गेरी म्हणाला.

"बरं केलंत," म्हणत त्यांनी माझ्या परवान्यावर शिक्का मारला.