साडेतीनच्या नोंदी

परीक्षेतला पेशंट खरा नसतो, हे क्लासच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. परदेशी जाणाऱ्या नर्सेससाठी इंग्रजीची एक वरच्या दर्जाची परीक्षा असते. तिच्या लेखनाच्या भागात कुणातरी पेशंटच्या नोंदींचा कागद हातात देतात. वय, दुखणं, औषधं, घरी कोण आहे, सगळं त्यात असतं. पहिली पाच मिनिटं नुसतं वाचायचं, पेनला हात लावायचा नाही. मग चाळीस मिनिटांत पुढच्या डॉक्टरला किंवा नर्सला पत्र लिहायचं, दोनशे शब्दांच्या आत. सगळंच लिहीत बसलात तर गेलात. काय गाळायचं ते कळायला हवं.

अकरा वर्षं रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात काढल्यावर हे मला कुणी शिकवावं, याचाच मला राग आला होता. आम्ही तर काहीही गाळायचं नाही, यावरच वाढलेल्या. ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर द्यायचा, म्हणजे पेशंट सोपवायचा, तर पेशंटने अर्धा कप चहा घेतला तेही वेळ टाकून लिहिलेलं पाहिजे. लिहिलं नाही म्हणजे झालंच नाही. त्यामुळे माझी पहिली पत्रं साडेतीनशे शब्दांची व्हायची आणि मॅडम लाल पेनने ओळीच्या ओळी उडवायच्या. एक ओळ तर हमखास उडायची. बऱ्याच कागदांवर शेवटी असायचं की पेशंट एकटी राहते, मुलगी परदेशात असते. ड्रेसिंग बदलण्यासाठी पत्र लिहायचं, त्यात परदेशातल्या मुलीचं काय लोणचं घालायचं? पुढे पुढे मीही ती ओळ वाचता वाचताच मनातून काट मारायला लागले.

घरी आई आणि मी, दोघीच. नागपूरच्या महाल भागात एकामागे एक अशा दोन खोल्या. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. घराणं विणकरांचं, पण माग बाबांच्या तरुणपणीच सुटला. आई साड्यांना फॉल-पिको करून देते, तिची मशीन मागच्या खोलीत असते. ऑस्ट्रेलियाला जायचं वेड माझं खरं, पण त्याला हवा घातली तिनेच. नातेवाइकांत कुणी हिला एकटीला टाकून कशी जातेस म्हणालं की माझ्याआधी तीच भांडायला उठायची.

सकाळची ड्यूटी करून मी अडीचला घरी यायची आणि जेवून पुढच्या खोलीत मोबाइलवर चाळीस मिनिटांचा गजर लावून बसायची. मे महिना होता. नागपूरची मे महिन्यातली दुपार म्हणजे गल्लीत कुत्रंही दिसत नाही. दारं बंद, पडदे ओढलेले, कूलरचा एकसुरी आवाज. अशाच एका दुपारी साडेतीनच्या सुमाराला कूलरमधलं पाणी संपलं म्हणून मी तो बंद केला, आणि मागच्या खोलीतून आईचा आवाज आला.

कुणीतरी आलं असेल असं आधी वाटलं. पण मागच्या खोलीला बाहेरचं दार नाही. आई बोलत होती, थांबत होती, ऐकत होती, थोडंसं हसून परत बोलत होती. समोरच्याचा आवाज तेवढा नव्हता. फोनवर असेल म्हणून उठले, तर तिचा फोन माझ्याच शेजारी चार्जिंगला लावलेला होता. मी कूलरमध्ये पाणी भरलं, तो पुन्हा सुरू केला आणि पत्र लिहायला बसले. त्या दिवशी शब्द किती झाले ते मी मोजलेही नाहीत.

नंतर मी मुद्दाम साडेतीनला कूलर बंद करायला लागले. रोज नाही, पण आठवड्यातून चार-पाचदा ती बोलायचीच. एकदा म्हणाली, "स्वेटर घातलं का?" त्या दिवशी बाहेर इतकं तापलं होतं की गाडीच्या हँडलला हात लावता येत नव्हता. दुसऱ्या एका दुपारी म्हणाली, "तिकडे आता रात्र असन ना?" भर दुपारी, मागच्या बंद खोलीत कुणाच्या तरी रात्रीची चौकशी. बाबांशी बोलतेय असं माझ्या मनात आलं. मी नर्स आहे, मी मेलेली माणसं पुसून, बांधून खाली पाठवलेली आहेत. तरीही दोन खोल्यांमधल्या पडद्यापलीकडे जायचं धाडस मला झालं नाही.

मग मी जे केलं ते आमच्या धंद्यातलं माणूसच करू जाणे. क्लासमधले सरावाचे कागद संपत आले होते, नवीन पेशंट हवा होता. मी आईच्या नोंदी ठेवायला घेतल्या. हॉस्पिटलातल्यासारख्या, इंग्रजीत, वेळ टाकून. साडेतीन: खोलीत एकटी, कुणाशी तरी बोलते. तीन चाळीस: हसली. तीन पंचेचाळीस: उन्हाळ्यात स्वेटरची चौकशी. पावणेपाच: चहा घेऊन आली, वागणं नेहमीसारखं. वॉर्डात जे बघितल्याबरोबर डॉक्टरला फोन केला असता, ते मी घरी तीन आठवडे नुसतं लिहीत राहिले. लिहिलं की जबाबदारी झटकल्यासारखं वाटायचं. आज त्याची लाज वाटते.

त्या नोंदींवरून मी पत्र तयार केलं. त्रेसष्ट वर्षांची विधवा, भ्रम होत असल्याचा संशय, तपासणीसाठी पाठवत आहे. एकशे ब्याण्णव शब्द. शेवटी सवयीनेच ओळ आली, की मुलगी लवकरच परदेशी जाणार आहे. काट मारायची राहून गेली.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. केस कुठल्या पुस्तकातली म्हणून विचारलं. मी इंटरनेटवरची म्हणून ठोकून दिलं. पत्र चांगलं आहे म्हणाल्या, पण हे लिहिणाऱ्या नर्सने तीन आठवडे काय केलं, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल. मग शेवटच्या ओळीखाली त्यांनी लाल रेघ ओढली. मला वाटलं, आता उडवणार.

"ही ओळ राहू द्या," त्या म्हणाल्या. "मुलगी गेल्यावर त्या बाईकडे बघणार कोण?"

मी गाडी काढून तडक घरी आले. साडेतीन वाजून गेले होते. कूलर बंद होता, आणि दार उघडताना मी आवाज केला नाही. या वेळी मात्र पडद्याशी थांबले नाही, तो सरळ बाजूला केला.

आई मशीनसमोर स्टुलावर बसली होती. हातात टीव्हीचा रिमोट, फोनसारखा तोंडासमोर धरलेला. डोळे मिटलेले. ती म्हणत होती, "हो वं, जेवली. गोळी घेतली. नाही नाही, चक्कर आता नाही येत. ते तर मागे यायची."

मी हाक मारली तशी ती दचकली. कुणाशी बोलतेस, मी विचारलं. माझा आवाज चढलेला होता.

"तुह्यासंग," ती म्हणाली. "तू गेल्यावर फोन करशीन ना. मले रडू येते मग. म्हणून सवय करून राहिली."

स्वेटर माझं होतं. रात्रही माझी होती. ऑस्ट्रेलियात तेव्हा हिवाळा असतो आणि आपल्या साडेतीनला तिकडे अंधार पडलेला असतो, हे तिने कुणाकडून तरी विचारून घेतलं होतं. मी तिच्या डोक्यावर शंका घेतली होती, आणि तिने सगळा हिशेब बरोबर केला होता. मला हसू आलं आणि रडूही. पण तेवढ्यात ते चक्करचं वाक्य डोक्यात शिरलं. चक्कर येते असं तिने मला कधी सांगितलंच नव्हतं, आणि कसलीही गोळी तिला चालू नव्हती. मी समोर नसताना जे नाकारायचं, त्याची तयारी चालली होती.

खोदून विचारल्यावर निघालं, संक्रांतीपासून येत होती. बीपी बघितलं तर वरचा आकडा दोनशेच्या जवळ. दुसऱ्याच दिवशी तिला हॉस्पिटलात नेलं, गोळ्या सुरू केल्या. तिची अट एकच होती, परीक्षा सोडायची नाही. जूनच्या शेवटी मी परीक्षा दिली. पेशंट एक म्हातारा होता, मांडीचं हाड मोडलेला. त्याच्या घरी बायको होती, मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पत्र लिहिलं. पास झाले. दोन महिन्यांनी तिकडच्या एका हॉस्पिटलाचं बोलावणंही आलं. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

आईचं बीपी तोवर ताब्यात आलं होतं. शनिवारी ती म्हणाली, आता खऱ्या फोनवर करून बघू. त्या दिवशी ड्यूटी लांबली होती, म्हणून मी वॉर्डातूनच चार वाजता व्हिडिओ कॉल लावला. फोन तिने नेहमीसारखा इतका जवळ धरला होता की एक डोळा, अर्धं नाक आणि कपाळाची एक बाजू एवढंच दिसत होतं. जेवली होती. गोळी घेतली होती. चक्कर नव्हती. आवाज स्वच्छ, मध्येच एक हसू. मला इतकं बरं वाटलं की तिथेच उभ्या उभ्या मी मनातल्या मनात होकार लिहून टाकला.

घरी आले तेव्हा तिने पदर डोक्यावरून पुढे ओढलेला होता. मी तो मागे केला. डाव्या भुवईवर दोन बोटं लांबीची जखम होती, वर हळद दाबलेली, कानापर्यंत वाळलेलं रक्त. फॉल लावून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती मशीनच्या कडेवर आपटली होती. किती वाजता, मी विचारलं. साडेअकरा म्हणाली. साडेचार तास ती तशीच बसून होती आणि मग माझ्याशी हसून बोलली होती.

टाके घालायला नेण्यासाठी मी तिची चप्पल शोधत होते, तेव्हा मागून तिने विचारलं, "पण तुले कळलं नाही ना वं?"

नाही कळलं, मी म्हणाले. तिचा चेहरा खुलला, पहिला नंबर आलेल्या मुलीसारखा. मला आयुष्यात कुणाची इतकी भीती वाटली नसेल.

सोमवारी मी नाही म्हणून कळवलं. आईला ते अजून सांगितलेलं नाही. व्हिसाला उशीर होऊन राहिला, एवढंच सांगते, आणि तिला ते खरं वाटतं. दुपारी मी पुढच्या खोलीत असते, कूलर बंद ठेवून. साडेतीनला ती आत बोलायला लागते.