सुमनच्या घरची दुसरी फेरी

गुप्त मतदान घेऊन आलेल्या माणसांकडे सांगण्यासारखं काय असणार, असं मला घरचे विचारतात. अहो, कोणी कोणापुढे खूण केली तेवढंच सांगायचं नसतं. बाकी सगळं सांगता येतं, आणि ते बाकीचंच इतकं साचतं! निकाल लागला, हारतुरे सुकले, तरी ढाणकीला रफिकभाईंच्या गॅरेजवर चहाला जमलो की आमचं संपत नाही.

ज्यांना केंद्रापर्यंत जाणं जमत नाही, अशा म्हाताऱ्या आणि दिव्यांग मतदारांच्या घरी जाऊन मत घ्यायचं, हे आमचं काम. टीमप्रमुख मी, जिल्हा परिषद शाळेतली मॅडम. बंदोबस्ताला हवालदार गेडाम. शूटिंगला संजू, जो एरवी लग्नं शूट करतो. गाडी रफिकभाईंची. आणि बँकेतले एक निरीक्षक साहेब, जे गाडीत बसले की झोपायचे आणि गाव आलं की "हेच गाव आत्ता स्वप्नात होतं" म्हणत उतरायचे. सोबत पुठ्ठ्याचा एक आडोसा. तो मतदाराच्या पुढ्यात मांडायचा, घरच्यांना बाहेर काढायचं आणि आपण पाठ फिरवायची.

थंडी नुकतीच पडू लागली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, त्यावर सकाळचं धुकं. चार गावं झाली की जमीन कुठं संपते आणि ढग कुठं लागतात तेच कळेना. मलाही वाटायचं, साहेबांच्या स्वप्नातूनच गाडी चालली आहे.

*

पहिल्याच दिवशी सुमनचं घर लागलं. उमरखेडकडचं, नाल्याकाठचं गाव. सुमन चाळिशीची. लहानपणी तापात कमरेखालचं अंग गेलं, तेव्हापासून खाटेवर. यादीत नाव होतं, पण मत कधीच दिलं नव्हतं. सगळे नाल्यापलीकडच्या शाळेत मत द्यायला गेले की घर राखायचं काम तिचं. यंदा पहिल्यांदा तिचं मत होणार होतं.

आणि सुमन घरात नव्हती!

"असं कसं?" शेजारीण म्हणाली. "ते कुठी जाते? घरीच असन." आत जाऊन रिकामी खाट पाहिली, तेव्हा तीच घाबरली.

मग कळलं, त्या दिवशी त्यांच्या वावरात सीतादही होतं. पहिला कापूस वेचायच्या आधी वावरात दहीभात ठेवून पूजा करतात, ते. भावानं बैलगाडीत गादी टाकून बहिणीला नेलं होतं. आमचा निरोप देणारा माणूस तापानं पडला होता, म्हणून त्यांना पत्ताच नव्हता.

वावरात जाऊन मत घेता येत नाही. मतदार घरी सापडला नाही तर आणखी एकच फेरी, आणि तीही हुकली की मत गेलं. घरून मत देतो म्हटलेल्याला केंद्रावरही देता येत नाही. मी शेजारणीला पुन्हा पुन्हा बजावलं, "शेवटच्या दिवशी येऊ. तिला कुठं नेऊ नका."

"मॅडम, तिले कधी कुठी नेलंच नाही," ती म्हणाली, "म्हणून तं आज नेलं."

*

पुढच्या गावात एक म्हातारं जोडपं. दोघंही मतदार, दोघंही नटून बसलेले. मत घेतानाचं शूटिंग करायचं असतं, खूण मात्र दिसू द्यायची नसते. संजूनं कॅमेरा लावला आणि सवयीनं बोलून गेला, "आता दोघं एकमेकाकडे पाहा."

दोघांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आम्हाला आडोसा मांडायचं सुचेना.

शेवटी आजीच म्हणाली, "आवरा बाप्पा, याहीले मंग झोप येते."

*

ढाणकीत एका खालांचं घर. एकच खोली, आणि त्यात तीन पिढ्या. मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. खालांना पटेना.

"बहू को भी निकालोगे?"

"हो, खाला."

"उसकी अम्मा मेहमान आयी है, उसको भी?"

"त्यांनाही."

सगळे गेले. खोली शांत झाली. खालांनी मत दिलं, पाकीट चिकटवलं, पाय लांब केले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

"बेटा," त्या मला म्हणाल्या, "ये वोटिंग हर महिने रखो ना."

रफिकभाईंच्या त्या नात्यातल्या. ते अजून खालांच्या सुनेकडे हे बोललेले नाहीत.

*

किसनबाबांच्या डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट कडबा कापताना गेलेलं. अशा वेळी दुसऱ्या बोटाला शाई लावायची. मी मधलं बोट धरलं, तर बाबांनी हात मागे घेतला.

"आंधी त्याले लावा."

"बाबा, ते बोट नाही ना."

"तुमाले दिसत नाही. मले तं अजून खाजते."

गेडाम माझ्याकडे बघायला लागले. मी शाईची काडी हवेत, जिथं ते बोट असतं तिथं फिरवली आणि मग मधल्या बोटाला लावली. बाबांनी दोन्हीवर फुंकर घातली.

*

शेवटचा दिवस. सुमनचं गाव सर्वांत दूर, आणि वाटेत विठोबाजी. नजर गेलेली, पण कान तिखट. पहिलाच प्रश्न, "रांग कुठी हाय?"

"बाबा, घरीच मतदान आहे. रांग नाही."

"रांग नाही तं मंग मतदान कायचं? तुमी तं नुसता कागद भरून घेऊन राह्यले."

सून समजावून थकली. ऊन उतरायला लागलं आणि माझा जीव सुमनच्या गावाकडे लागला. शेवटी गेडाम खाटेपुढे जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे रफिकभाई, त्यांच्या मागे साहेब. बाबांनी काठीनं चाचपून साहेबांची पोटरी शोधली आणि समाधानानं बसले.

गेडाम खोकले, पाय आपटत पुढे सरकले. रफिकभाई सरकले. साहेब उभ्याउभ्या पेंगत होते.

"सरका ना बे पुढं," बाबा काठीनं टोचत म्हणाले. "कायले टाईम खाऊन राह्यले?"

*

पुढे रस्ताभर कापसाच्या बैलगाड्या. कोणी बाजू देईना. रफिकभाईंनी हॉर्न वाजवणंही सोडून दिलं. वेळ संपली असती तर सुमनचं मत गेलं असतं, आणि मी गाडीत बसून नुसती खिडकीची काच वरखाली करत होते.

पोचलो तेव्हा भाऊ रस्त्यावर उभा. "आज घरातून कोणीच कुठी गेलं नाही, मॅडम."

सुमन खाटेवर उशांना टेकून बसलेली. सणाची साडी, चापून वेणी. मी कागद, खूण, पाकीट सगळं समजावलं. तिनं एवढंच विचारलं, "सगळे बाहीर जातीन नं? मायबी?"

"मायसुद्धा."

"मी राह्यते," माय म्हणाली. "तिले उशी लागते, पानी लागते. मीच आंग धुऊन देते तिचं. माह्यापासून काय लपवाचं हाय?"

नियम सांगून मी तिला उठवलं. उंबऱ्यापर्यंत गेली, परत येऊन उशी सारखी केली, मग गेली. "दार नोका लावू," म्हणाली, "तिची हाक आयकू आली पायजे. आमी हे दार कधीच नाही लावत."

आम्ही ओसरीत पाठ करून बसलो. आतून काही आवाज नाही. माय अंगणात उभी, पदर बोटाला गुंडाळत.

"झालं का वं?"

"थांब."

पिवळं ऊन भिंतीवरून वर वर चढत गेलं. साहेब जागे होते.

"झालं," सुमन म्हणाली.

आत गेलो. पाकीट नीट चिकटवून मांडीवर ठेवलेलं. माय खाटेच्या कडेला बसली, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि हळूच म्हणाली, "कोणाले देलं वं?"

मी टोकणारच होते.

"माय," सुमन म्हणाली, "माह्यं सगळंच तुले माहीत हाय. हे येक राहू दे माह्याजवळ."

मग आम्ही सामान उचललं, तशी तीही उठली आणि आमच्यामागं अंगणात आली. येताना तिनं दार ओढून घेतलं.