नाव रजिस्टरात, हात चुलीबाहेर

डाळ नालीत ओतली तेव्हा तिच्यातून वाफा निघत होत्या.

पंचायतीच्या दोघांनी दोन बाजूंनी डाळीचं भगोनं उचललं आणि शाळेच्या मागे नेऊन उलटं केलं. भाताला हात लावला नाही. भात दुसऱ्या बाईनं शिजवला होता. डाळ मी.

पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती. त्या दिवशी त्यांनी भात मिठाशी खाल्ला. माझी पोरगी त्याच ओळीत होती, तिसरीत होती तेव्हा.

सरपंच म्हणाले, "इसको चूल्हे पे किसने बिठाया?"

मला नाही विचारलं. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी पळी धरून उभी. रडू आलं नाही, रागही आला नाही. मनगटावर गरम डाळीचा शिंतोडा उडाला होता, तो भाजत होता. पण ते मनगट माझं नाही, असं वाटत होतं.

आमचं गाव जबलपूरहून मझौलीला जाणाऱ्या रस्त्याच्या आत. माझा आजा विदर्भातून वीटभट्टीच्या कामाला आला आणि इथंच राहिला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. भाषा बदलली. जात आजासोबत आली होती, ती तशीच राहिली.

शाळेत दुपारचं जेवण सुरू झालं तेव्हा स्वयंपाकिणी नेमायचं काम पंचायतीकडे आलं. दोन बाया. त्यातली एक आमच्या वस्तीतली पाहिजेच, असा वरून हुकूम. म्हणून माझं नाव रजिस्टरात चढलं. सचिव घरी येऊन सही घेऊन गेला. मी आठवी शिकलेली, अंगठा नाही लावला. माय शेजारणींना सांगत फिरली, "माह्या पोरीले सरकारी काम लागलं." पहिल्या दिवशी दुसरी बाई भातात गुंतली होती, म्हणून डाळीला फोडणी मी दिली. एवढंच झालं होतं.

संध्याकाळी पंचायत बसली. ठरलं ते सचिवानं मला बाहेर ओट्याजवळ येऊन सांगितलं. शाळेचं अंगण आणि पंचायतीची खोली झाडायची. लाकडं दाराशी आणून टाकायची. जेवणं झाली की भांडी घासायची. चुलीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही. सही मात्र स्वयंपाकीण म्हणूनच करायची.

"काम तो काम है," तो म्हणाला. "मुँह मत बनाओ."

घरी येऊन मायला सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "काहून बोलतं वं उगाच? काम तर भेटून राह्यलं ना."

मी बोलले नाही. दोन वर्षं बोलले नाही.

राखेनं भांडी घासायची. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, त्यात राख जायची. वाढणारी बाई आमच्या वस्तीच्या पोरांना वरूनच डाळ सोडायची, पळी ताटलीला लागू नये म्हणून. आमच्या बाया परसात चवळी, भेंडी, पालक काढायच्या. शाळा हाकेवर. पण ती भाजी शाळेत कधी गेली नाही, शाळेत यायची ती उपसरपंचाच्या वावरातली. कोणाचं पीक शिजेल, कोणाच्या हातानं शिजेल, आधी कोणाला वाढलं जाईल, सगळं पंचायतीच्या त्या एका टेबलाशी ठरायचं. मी रोज त्या टेबलाखालून झाडू फिरवायची.

एक दिवस पोरगी घरी आली. दप्तर न काढता म्हणाली, "मम्मी, स्कूल में मेरेको आवाज मत दिया करो."

मी म्हणाले, "अच्छा."

दुसऱ्या दिवसापासून आवाज दिला नाही. ती माझ्यासमोर ताटली ठेवून जायची, मी घासायची. दोघी खाली पाहायचो.

मग जिल्ह्यातून तपासणीला मॅडम येणार, असं कळलं. त्या सकाळी सरपंच पहिल्यांदा आमच्या वस्तीत आले. नवा ॲप्रन आणला होता.

"आज चूल्हे के पास खड़ी रहना. पूछें तो बोलना, खाना मैं बनाती हूँ. बर्तन को छूना मत."

मी ॲप्रन बांधला. दोन वर्षांनी त्या खोलीत गेले. चुलीजवळ उभी राहिले, हात मागे बांधून.

मॅडम आल्या. वही काढली. म्हणाल्या, "ढक्कन हटाओ, दाल दिखाओ."

माझा हात उठला नाही. सरपंच दारातून डोळे वटारून पाहत होते. दुसरी बाई धावत आली आणि तिनं झाकण काढलं. मॅडम थांबल्या. मला म्हणाल्या, "खाना तुम ही बनाती हो न?"

सांगितलेलं वाक्य तोंडात तयार होतं. "हाँ" म्हटलं की झालं. मी हात पुढे आणले, माझ्याच पेरांकडे पाहिलं.

"नहीं मैडम. मेरे हाथ की दाल इन लोगों ने नाली में फेंकी थी. मैं बर्तन माँजती हूँ."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं, गाडीत बसल्या, गेल्या. वरून पुढे काही आलं नाही. चिठ्ठी नाही, माणूस नाही. सरपंच मात्र तिथंच बोलले, "कल से मत आना."

मी घरी गेले. माय म्हणाली, "खाऊन घे." खाल्लं. चव लागली नाही.

महिनाभरानं ग्रामसभा होती. आमच्या बाया मागे भिंतीशी बसतात. मी उभी राहिले. कोणीतरी हसलं. मी बोलले.

"सचिवजी, लिखिए. या तो लिखिए कि खाना ये बनाएगी. या लिखिए कि जात के कारण नहीं बनाएगी. जो मन में है वही लिखिए, मैं दस्तखत करती हूँ."

सचिवाचा पेन कागदावर टेकलेला राहिला. त्यानं सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. यावेळी पाहावं लागलं. दोन्हींतलं एकही लिहिलं नाही. सभा संपली म्हणाले आणि उठले.

माझं नाव अजून काढलेलं नाही. काढायचं तर कारण लिहावं लागतं, आणि ते कारण लिहायची त्यांची छाती नाही.

त्या सभेपासून मी रोज दहा वाजता शाळेत जाते. चुलीच्या खोलीच्या दारात उभी राहते. उष्टी भांडी माझ्या पायाशी आणून ठेवतात. मी हात लावत नाही. माय म्हणते, "हे किती दिवस चालीन?" मला माहीत नाही. एवढं माहीत आहे, चूल दिल्याशिवाय या गावाचं एकही भांडं मी घासणार नाही. आणि पुढच्या सभेत पुन्हा उभी राहणार. त्याच्या पुढच्याही.

लिहा म्हणणार.