मशीनचं कव्हर

अमरावतीच्या आमच्या घरात बैठकीची खोली एवढीशी, पण तिचा रुबाब फार. म्हणून माझी शिलाई मशीन दाराआड. कोणीही आलं की दार थेट माझ्या कोपरावर. उजेडाची खिडकी एकच आणि ती कूलरने अडवलेली. उन्हाळ्यात ठीक आहे, पण थंडीतही तो कोरडा डबा तिथेच, जावयासारखा बसून. मी खिडकीची जागा मागितली, तर नवरा म्हणाला, "पाहुण्यायले काय दिसन? बैठकीची शोभा जाते."

शोभा! पडदे मी शिवलेले, सोफ्याच्या खोळीही मीच. त्याच सोफ्यावर हा माणूस बनियनवर बसून पायाची नखं कापतो, तेव्हा शोभा जात नाही.

शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. "मशीनले एक चांगलं कवर शीव. पाहुणे आले का झाकत जाय."

म्हणजे मशीन लपवायचं कापडही मशीनवरच शिवायचं. शिवलं. झालरसुद्धा लावली. मग नवरा कामावर गेल्यावर कूलर दाराआड ढकलला, त्याच्यावर कव्हर चढवलं आणि मशीन खिडकीत घेतली.

संध्याकाळी त्याने दार लोटलं, ते धाडकन आदळलं.

"दाराआड हे काय ठेवलं वं?"

"शोभा," मी म्हणाले आणि पायडल मारत राहिले.