चालत्या बाईला व्हीलचेअर

आणि वर मलाच म्हणतात, काकू, तुम्हाला कलेतलं काय कळतं! नाही कळत. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, गेटजवळ पोळीभाजी केंद्र चालवते. पण धडधाकट पायांवर उभी असलेली बाई आणि खुर्चीत कोंबलेली बाई, यातला फरक मला कळतो.

आमच्या नाचाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीनदा विचारलं. सगळ्यांनी वाचलं. कुणी हात जोडलेलं चित्र टाकलं, कुणी गुलाबाचं फूल... उत्तर एकीचंही नाही. म्हणून आता इथे, सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिते. शब्द चुकतील, पण पूर्ण वाचा.

पुण्यात मांजरीला आमच्या सोसायटीत आम्हा बायकांचा नाचाचा ग्रुप आहे. फुगडी, झिम्मा, आपले मंगळागौरीचे खेळ, जरा नव्या गाण्यांवर. हा ग्रुप सुरू केला सारिकाने. माझ्या शेजारची. मला फुगडीला ओढून नेलं तिनेच, नाहीतर मी पोळपाट सोडून कुठे जाणारी?

सारिकाला कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो अजून चालू आहे. केस गेले. सुया टोचून टोचून हात काळेनिळे झालेत... पण चालते, स्वयंपाक करते, खाली उतरून भाजी आणते. डॉक्टरांना विचारून परत प्रॅक्टिसला यायला लागली. आम्ही दोघी एकमेकींना कोपराला धरून हळूहळू फुगडी घालतो. वेगात नाही, पण घालतो. दिवसभरात तेवढंच हसते ती.

आता स्पर्धा आहे. कॅन्सरच्या गरीब पेशंटसाठी पैसे जमवायला. चांगलं काम आहे, त्याला माझं काही म्हणणं नाही, मी स्वतः घरोघरी पदर पसरेन. बक्षीस मिळावं म्हणून, सारिका आजारी पडल्यापासून ग्रुपचं बघतात त्या आमच्या देशमुख मॅडमनी सदाशिव पेठेतून क्लासवाले सर आणले. सरांना कळलं की ग्रुपमध्येच एक पेशंट आहे. झालं! माणसाला लॉटरी लागल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

सरांचं ठरलं. आम्ही नाचायचं, शेवटी लाईट बंद, मग सारिकाला व्हीलचेअरवरून मधोमध आणायचं. डोक्याचा स्कार्फ काढून.

मी म्हटलं, "अहो सर, पण ती चालते की!"

"काकू, ते आपल्याला माहितीये. ऑडियन्सला थोडीच माहितीये?"

मॅडम मान हलवत होत्या. बाकीच्या ओढण्या नीट करत होत्या.

रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये भाड्याची व्हीलचेअर आली. सारिका बसली. आधी चेष्टाच केली तिने, म्हणाली, "चला, फुकटात फेरी!" सगळ्या हसल्या. मला वाटलं, जाऊ दे, तिला चालतंय तर आपण कशाला मधे पडा...

मग फुगडीचं गाणं लागलं. माझी जोडी नव्हती, म्हणून मी एकटीच उभी. सारिकाचे पाय त्या खुर्चीच्या खालच्या पट्टीवर ठेका धरत होते. आणि ती उठली. सवयीने उठली हो, दुसरं काही नाही. सरळ माझ्याकडे आली आणि कोपर पुढे केलं.

सरांनी गाणं बंद केलं. "ताई, उठू नका ना! सगळा इफेक्ट जातो."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. कोण ते मला माहितीये, नाव घेत नाही. सारिकाने हात मागे घेतला... खुर्चीत जाऊन बसली. स्वतःच्या हाताने एकेक पाय उचलून पट्टीवर ठेवला, जसं काही खरंच पायात जीव नाही. सर म्हणाले, "हां, हे मस्त! हे असंच ठेवा."

मी त्या माणसाला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी येताना जिन्यात सारिका थांबली. मला वाटलं, दम लागला. तर म्हणते, "ताई, मी उठले ना, तेव्हा सगळ्यांची तोंडं अशी झाली... जसं मी आजारपणाचं खोटं सांगितलं होतं आणि आता पकडले गेले."

मी तिचं कोपर धरलं आणि तशीच वर घेऊन गेले.

काल दुपारी तिचा फोन. "ताई, येताना कोथिंबिरीची जुडी आणाल?" भाजीवाला आमच्या जिन्याखाली बसतो. मी विचारलं, बरं नाही का गं? म्हणाली, "बरी आहे. पण स्पर्धा होईपर्यंत खाली नको उतरायला. कुणी बघितलं तर म्हणतील, ही तर चालते."

म्हणजे आजाराने नाही बसवली तिला. आपण बसवली.

मॅडम, सोसायटीत चारजणी म्हणतात, तुझी मैत्रीण आहे ना, तू समजाव तिला, चांगल्या कामासाठी एवढं मनाला लावून घेऊ नये. नाही समजावणार. पेशंटसाठीच पैसे जमवताय ना? मग ही कोण आहे? हिला नाचायचंय. उद्या काय होईल ते तिच्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. आज तिला उभं राहता येतं, तर आज तिला उभं राहायचंय.

लोक उभ्या बाईला पैसे देणार नसतील तर नका देऊ म्हणावं. पण तेही तुम्ही आधीच ठरवून टाकलंत, लोकांना विचारलंत कुठे?

गुरुवारी संध्याकाळी पुढची प्रॅक्टिस आहे. मला गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर पाहिजे, आणि ते मला नाही, सारिकाच्या दारात जाऊन तिला द्यायचं. ती फुगडीला उभी राहणार की नाही? "बघू" नको, "सरांना विचारते" नको. नाही म्हणायचं असेल तर तिच्या तोंडावर म्हणा, आणि ती खुर्ची ढकलायला दुसरी कोणी शोधा. सरांनी ते काम मला दिलंय.